सोमाची गळकी घागर

"सर, जरा आनंद दिसू द्या हो चेहऱ्यावर!" टिपणीस ओरडला. "दोन हजार वर्षांपूर्वीची बाई सापडलीय तुम्हाला. हरवलेली चप्पल सापडल्यासारखं काय बघताय?"

धारूरकर सर खड्ड्यात उकिडवे बसले होते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातानं गुडघा धरलेला. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर टोपी नाही, कारण टोपीमुळे तोंडावर सावली पडते असं टिपणीसचं म्हणणं. सरांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारलं, "पुन्हा पुरायची का?"

"पुन्हा पुरायची. आणि या वेळी वाक्य बोला, सर. प्लीज! 'याच मातीत ही खापरी माझ्या हाताला लागली.' एवढंच. त्यात अवघड काय आहे?"

"मी बोललो की."

"तुम्ही म्हणालात, 'या ठिकाणी एक खापरी मिळाली असे नमूद आहे.' नमूद काय, सर? कुठे नमूद आहे?"

"सगळीकडे," सर म्हणाले आणि खापरी पुरायला लागले.

मी तेव्हा टिपणीसची सहाय्यक होते. सहाय्यक म्हणजे संहिता मी लिहायची, चहा मी सांगायचा, आणि कोणती वस्तू कोणत्या शॉटमध्ये कुठे होती हे मी लक्षात ठेवायचं. श्रेयनामावलीत माझं नाव 'संशोधन साहाय्य: वैजयंती गुळवणी' असं यायचं आणि तेही इतकं भरकन जायचं की माझ्या आईलासुद्धा ते कधी वाचता आलं नाही.

हेरंब टिपणीसनं शाळांसाठी एक माहितीपट मालिका घेतली होती. विश्वाचा इतिहास, साहित्य आणि उत्खनन यांच्या जोडीनं. म्हणजे एखादं जुनं काव्य घ्यायचं, आणि त्यात सांगितलेलं गाव, लढाई, पूर हे खरंच होतं का ते खोदकामातून दाखवायचं. कल्पना झकास होती. पैसे मात्र पुण्यापासून एसटीनं जाता येईल तेवढ्याच विश्वाचे मंजूर झाले होते. त्यामुळे ट्रॉय आम्ही सासवडजवळच्या दगडखाणीत उभं केलं. बॅबिलोन म्हणजे फलटणच्या अलीकडची एक वीटभट्टी. तिथल्या मुकादमानं दाढी चांगली राखली होती म्हणून त्याला राजा केला, तर त्यानं शेवटपर्यंत मनगटावरचं घड्याळ काढलं नाही. इजिप्तचं वाळवंट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घेतलं, आणि एका शॉटमध्ये मागून सरळ मासेमारीची होडी गेली. टिपणीस म्हणाला, "राहू दे, नाईलवाली वाटेल."

अशा सगळ्या बनवाबनवीत एकच भाग खराखुरा होणार होता. निंबखोरीचा.

निंबखोरी हे मराठवाड्यातलं नदीकाठचं गाव. गावाला लागून एक मोठं पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. जुनं गाव त्याच्या पोटात. तीस-एक वर्षांपूर्वी प्राध्यापक देवस्थळींनी ते खणलं होतं आणि धारूरकर सर तेव्हा त्यांचे विद्यार्थी होते. देवस्थळींचं एका प्राकृत गाथेवर फार प्रेम. चार ओळींची गाथा: सोमा नावाच्या सुनेची घागर गळते. सासू म्हणते, अगं, बदल की. सोमा म्हणते, असू द्या, मी आणखी एक खेप घालीन. आणि शेवटच्या ओळीत नुसतं एवढंच, की घाटावर एक होडी बांधलेली आहे. बस. होडीवाल्याचा उल्लेखसुद्धा नाही, पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. ही सोमा याच घाटावरची, असं देवस्थळी हयातभर सांगत आले आणि लोक हयातभर त्यांना हसत आले. आणि मग खोदकाम आटपत आलं असताना खापरी मिळाली. घागरीचा तुकडा, त्याला गोल भोक, आणि भोकाच्या वर ब्राह्मी लिपीत तीन अक्षरं: सोमाय. म्हणजे सोमाची.

कवितेतली बाई मातीतून निघाली! वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, क्रमिक पुस्तकात धडा आला. देवस्थळी पुढे दोनेक महिन्यांत हृदयविकारानं गेले, पण जाताना अमर होऊन गेले. गावाच्या वेशीवर 'सोमानगरी निंबखोरी आपले सहर्ष स्वागत करीत आहे' अशी कमान आली. सोमा महिला मंडळ आलं, सोमा दूध संकलन केंद्र आलं, सोमा हेअर कटिंग सलूनसुद्धा आलं. सरपंच आता सोमाचा पुतळा बसवायच्या विचारात होते. फक्त तिच्या कमरेवरच्या घागरीला भोक दाखवायचं की नाही, यावर गावात दोन पार्ट्या पडल्या होत्या.

धारूरकर सर हे या खापरीचे राखणदार. संस्थेच्या संग्रहालयात, प्लास्टरच्या चकतीत बसवलेली, त्यांनी ती उभी हयात सांभाळली. शूटिंगला येतानाही बिस्किटांच्या डब्यात कापूस भरून, डबा मांडीवर घेऊन आले. जीपमध्ये मी म्हटलं, "सर, मागे ठेवू का?" तर म्हणाले, "नको. वैजयंतीबाई, देवस्थळी सरांचं सगळं नाव या तुकड्यावर उभं आहे. हिला काही झालं तर सर दुसऱ्यांदा जातील." मला तेव्हा ते जरा नाटकी वाटलं. म्हातारी माणसं बोलतात असं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

खरी अडचण वेगळीच होती. टिपणीसला शेवटच्या प्रसंगासाठी 'विज्ञान' हवं होतं. त्यानं हैदराबादहून एक तज्ज्ञ बोलावला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शक घेऊन येणार, खापरीवरची अक्षरं कॅमेऱ्यासमोर तपासणार आणि म्हणणार, ही अक्षरं दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहेत. टाळ्या. समाप्त. सरांना हे शूटिंगच्या दिवशी सकाळी नाश्त्याला कळलं आणि त्यांनी हातातली भजी परत ताटलीत ठेवली.

"तपासणीची गरज नाही," ते म्हणाले.

"सर, मुलांना विज्ञान दाखवायचंय."

"देवस्थळी सरांनी स्वतः हाताळलेली वस्तू आहे. तिच्यावर यंत्र लावणं हा त्यांचा अपमान आहे."

"अहो, आजकाल देवाच्या मूर्तीचीसुद्धा तपासणी करतात," टिपणीस भजी चावत म्हणाला. "उलट सरांचं नाव पक्कंच होईल की. एकदाचा शिक्का बसेल."

सरांनी ताटली बाजूला सारली. मला वाटलं, नाजूक वस्तू आहे, कोणी धसमुसळेपणा केला तर, म्हणून घाबरलेत. बिचारे.

तर टेकाडावरचा तो खड्डा. चार वेळा पुरून चार वेळा सापडवून झाली. सर काही केल्या ते वाक्य बोलेनात. एकदा म्हणाले, "ही खापरी प्रसिद्ध आहे." एकदा म्हणाले, "देवस्थळी सरांना फार आनंद झाला." चौथ्या वेळी नुसतेच खापरीकडे बघत बसले. मुश्ताक, आमचा कॅमेरामन, कॅमेऱ्याला डोळा लावून उभा. त्याचा तत्त्वज्ञानावर विश्वास होता. तो म्हणाला, "टिपणीस साहेब, जेवू या. उपाशी माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीची बाई काय, आत्ताची पण सुचत नाही."

आता इथे एक धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. शॉट अर्धा ठेवून जेवायला जायचं, तर कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. आल्यावर जुळलं पाहिजे. टिपणीस या बाबतीत कर्मठ होता. म्हणून त्यानं फर्मान काढलं, खापरी पुरलेलीच राहू दे. मी वर खूण म्हणून आइस्क्रीमची एक काडी खोचली. सर म्हणाले, "मी इथेच बसतो, मला भूक नाही." टिपणीस म्हणाला, "उत्तम, राखण होईल." आणि आम्ही सरपंचांकडे शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि ज्वारीची भाकरी जेवायला गेलो. सरपंचांनी आग्रह करून करून वाढलं. पुतळ्याची चित्रं दाखवली. एका चित्रात सोमा हुबेहूब त्यांच्या मेहुणीसारखी होती.

परत येऊन बघतो, तर खड्ड्याची एक बाजू गायब. नुसती उकरलेली नाही, चांगली दोन गाढवांच्या ओझ्याइतकी कापून नेलेली. काडी नाही, खापरी नाही. सर कडेला दगडावर बसलेले, रुमालानं मान पुसत.

"सर!" टिपणीसचा आवाज चिरकला. "माती कुठाय?"

"नेली," सर म्हणाले.

"कोणी?"

"गावातल्या बायका आल्या होत्या. पावसाआधी माळवदावर टाकायला पांढरी माती नेतात. दरवर्षी नेतात. टेकाडच निम्मं झालंय त्यात."

हे खरं होतं. निंबखोरीतली जुनी घरं मातीच्या सपाट धाब्याची. टेकाडाची पांढरी माती ओली करून वर पसरली आणि तुडवून चोपली की घर गळत नाही. कायद्यानं टेकाडाला हात लावायला बंदी आहे आणि तशी पाटीही आहे. त्या पाटीला गाढवं बांधतात.

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"डोळा लागला होता माझा."

टिपणीस मटकन खाली बसला. मग उठला. मग पुन्हा बसला. "मेलो! क्रमिक पुस्तकातली खापरी मी हरवली. मला तुरुंगात घालतील. वैजू, मला तुरुंगात घालतील गं. उद्या तो हैदराबादचा येणार, त्याला काय दाखवू? गाढव दाखवू?" मग अचानक मुश्ताककडे वळला. "तू कॅमेरा बंद करू नकोस. काय होईल ते घे. निदान शोधण्याचा तरी भाग होईल."

चौकशी करता करता कळलं की माती सरूबाईंच्या घरी गेली. सरूबाई म्हणजे सोमा महिला मंडळाच्या अध्यक्ष. आवाज असा, की मंडळाच्या सभेला कर्णा लागत नसे. आम्ही त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा त्या घाम पुसत शिडीवरून उतरत होत्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. माती वर पसरून, पाणी घालून, तुडवून झाली होती.

"मावशी," टिपणीस हात जोडून म्हणाला, "तुमच्या छपरावरची सगळी माती खाली काढावी लागणार."

"कामून?"

"त्यात सोमाची खापरी आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या की. सोमा आमचीच हाय. मपल्या माळवदावर राह्यली तर बिघडलं कुठं?"

"अहो, ती राष्ट्राची संपत्ती आहे!"

"आन् माळवद?" सरूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "सकाळपासून राबतीया मी. टोपली वाहून मान मोडली मपली. एक मूठ माती काढली ना, तर तुमच्या डोक्यावर घागर फोडीन, सांगून ठेवते. गळकी नाही, भरलेली!"

शेवटी बरीच हुज्जत होऊन तह झाला. वर फक्त दोन माणसं जातील, ती बोटांनी चाचपतील, माती खाली येणार नाही. सर म्हणाले, "मी जातो. माझीच जबाबदारी आहे." काडी माझी, म्हणून दुसरी मी. टिपणीस शिडीखाली थांबला. सरूबाई मात्र आमच्यावर नजर ठेवायला वर आल्याच.

मी चप्पल काढून गुडघ्यावर बसले आणि ओल्या मातीत बोटं घातली. काय नव्हतं त्यात! काळी खापरं, तांबडी खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा, कसलातरी मणी, हाड. एवढ्याशा छपरावर अख्खं एक गाव निजलं होतं आणि आम्ही बॅबिलोन दाखवायला वीटभट्टीवर जात होतो.

"सर, ती खापरी प्लास्टरच्या चकतीत बसवलेली आहे ना? मग पांढरी चकती शोधायची," मी म्हटलं.

"हं," सर म्हणाले. ते शोधत होते, पण कसे, तर एकाच जागी पुन्हा पुन्हा हात फिरवत. ताटातली नावडती भाजी इकडून तिकडे करावी तसे.

"उगं तरास घेताय," सरूबाई म्हणाल्या. "मला काय ठावं त्यात तुमची खापरी हाय ते! मी तर पल्याडची माती भरत होते. ह्या सरांनीच हाक मारून सांगितलं, हितली घ्या बाई, हितली मऊ हाय. टोपलं बी त्यांनीच भरून दिलं."

मी सरांकडे बघितलं. सर मातीकडे बघत होते.

तेवढ्यात खालून टिपणीस ओरडला, "मावशी, मी सरपंचांना घेऊन येतो! सगळं छप्पर उतरवायची परवानगी काढतो!" त्यासरशी सरूबाई "कोन सरपंच? कुठला सरपंच? मीच येते चल, बघते तुझ्या सरपंचाला!" म्हणत शिडीवरून धडाधड उतरल्या. दोघांचं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत गेलं.

छपरावर आम्ही दोघंच उरलो. समोरच्या घराच्या ओट्यावर मुश्ताक कॅमेरा लावून होता, पण तिथवर आमचं बोलणं पोचण्यासारखं नव्हतं.

सरांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि माझी आइस्क्रीमची काडी काढून माझ्या हातात दिली.

"तुमची आहे," ते म्हणाले. "टाकवेना."

"सर, काय केलंत हे? का?"

"चोरायची नव्हती हो. हरवायची होती." त्यांनी चष्मा काढला, पुसायला चिखलाचे हात वर नेले, आणि तसाच परत घातला. आता दोन्ही काचांवर माती. "उद्या तो यंत्र लावणार. पाच मिनिटांत त्याला कळेल. आणि देवस्थळी सरांचं नाव… मी तुम्हाला जीपमध्ये म्हणालो होतो ना."

"काय कळेल?"

"की ती अक्षरं मी कोरलीत. कंपासपेटीतल्या कर्कटकानं."

मी हात मातीत तसेच ठेवून बसून राहिले. 

"शिमगा होता," सर म्हणाले. "त्या काळी उत्खननाच्या तळावर शिमग्याला सरांची थट्टा करायची रीतच होती. आधीच्या वर्षीच्या मुलांनी त्यांना खड्ड्यात गाडलेली दाढीची वस्तऱ्याची डबी सापडवली होती. सरांनी ती शांतपणे नोंदवून घेतली आणि डबीच्या मालकाला वर्षभर दाढी करू दिली नाही. तर आम्ही तिघांनी ठरवलं, आपण याहून भारी करू. रोज संध्याकाळी सर ती गाथा म्हणायचे, आमचे कान किटले होते. मी भोक असलेली एक खापरी घेतली, वर सोमाचं नाव घातलं, चहाचं पाणी चोळून जुनं केलं. रात्रीतून पुरली. सकाळी मीच 'सर, सर' करून ओरडलो."

"आणि?"

"सर आले. खापरी उचलली, वाचली. बराच वेळ वाचली. आम्ही तिघं हसू दाबून उभे. आता म्हणतील, गाढवांनो! पण सरांनी आमच्याकडे पाठ केली. आणि वैजयंतीबाई, त्यांचे खांदे हलायला लागले. रडत होते ते. आयुष्यभर लोकांनी वेड्यात काढलेलं, आणि आज सोमा हातात. 'भेटली रे भेटली' एवढंच म्हणाले आणि तंबूत गेले. त्यानंतर कोणाच्या तोंडून शब्द निघणार? तुम्ही सांगितलं असतं?"

"नसतं," मी म्हटलं. खरंच नसतं सांगितलं.

"आम्ही म्हटलं, उद्या सांगू. तर त्याच संध्याकाळी सरांनी स्वतः ती प्लास्टरमध्ये बसवलेली. कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. मग म्हटलं, खोदकामाचा अहवाल निघायच्या आत सांगू. तर सर अहवाल न लिहिताच गेले. मग सांगायचं कोणाला? सरांच्या फोटोला? माझ्याबरोबरच्या दोघांपैकी एक मोठा सरकारी अधिकारी झाला, तो ओळख दाखवत नाही. दुसरा वारला. उरलो मी आणि ती. मी संग्रहालयाची नोकरी का धरून बसलो असेन? बाहेर चांगल्या जागा मिळत होत्या. पण माझ्या जागी दुसरा आला आणि त्यानं नीट बघितलं तर?" त्यांनी बोटांवरची माती झटकली. "सगळं आयुष्य मी माझ्या एका वात्रटपणावर पहारा दिलाय हो. आणि कॅमेऱ्यासमोर ते वाक्य मात्र निघेना. पोरं बघणार ना ते. शाळेतली."

मी मातीत बोटं हलवत राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.  एक थट्टा केली तेव्हा हा माणूस मी होते त्याहून लहान असेल, आणि तेव्हापासून त्याला मोकळेपणानं हसताही आलेलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या बोटांना भोक लागलं.

गोल, गुळगुळीत भोक. मी ओढून काढली. सरूबाईंनी चांगलीच तुडवली होती, प्लास्टरची चकती फुटून निघाली होती आणि तिचा चुरा मातीत मिसळला होता. खापरी शाबूत. पदरानं पुसली. सोमाय. अक्षरं खरंच सुरेख होती.

"सापडली," मी म्हटलं.

सरांनी डोळे मिटले. "द्या," म्हणाले. "असू दे. आता उद्या काय व्हायचं ते होऊ दे. मीच सांगतो त्याला. सर मला माफ करणार नाहीत, पण दमलो मी आता."

मी खापरी द्यायला हात पुढे केला, आणि देता देता ती पालथी झाली.

उत्खननात मिळालेल्या प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं बारीक अक्षरात लिहितात: कुठला खड्डा, कितवा थर. वर वॉर्निशचा हात देतात, म्हणजे शाई जात नाही. हे मला मालिकेमुळे ठाऊक झालं होतं. या खापरीलाही तसं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं ती बाजू प्लास्टरमध्ये होती.

"सर," मी म्हटलं, "हे अक्षर कोणाचं?"

त्यांनी खापरी डोळ्यांजवळ नेली. चष्म्यावर माती, दिसेना. मी माझ्या पदरानं त्यांच्या काचा पुसल्या. त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मला वाचायला दिलं, बहुतेक डोळ्यांवर विश्वास बसला नाही म्हणून.

बारीक, नीटस, मास्तरी अक्षर. 'थर: शिमगा. हस्ताक्षर: नरहर. कबूल करीपर्यंत यास चहा नाही.'

नरहर म्हणजे धारूरकर सरच.

"खरंच," सर पुटपुटले. "त्या दिवसापासून सर मला चहा विचारत नव्हते. मला वाटायचं, आनंदात विसरतात."

मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली. खांदे हलायला लागले. मी घाबरून उठले, पाठीवर हात ठेवायला गेले, तेव्हा आवाज ऐकू आला. हसत होते. आधी बारीक, मग पोट धरून, मग ओल्या मातीत फतकल मारून. "हसत होता!" ते म्हणत होते. "म्हातारा हसत होता हो तेव्हा! आणि आम्ही रडवला समजून…" पुढचं बोलताच येईना. मग मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं सरूबाईंच्या माळवदावर चिखलात बसून येड्यासारखे हसलो. आणि मधेच सरांच्या डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी कॅमेऱ्यासमोर एका दमात सगळं सांगितलं. शिमगा, कर्कटक, चहाचं पाणी, सगळं. टोपी घालून सांगितलं, काढायला साफ नकार दिला. हैदराबादच्या तज्ज्ञानं सूक्ष्मदर्शक लावून अगदी गंभीरपणे दुजोरा दिला की होय, ही थट्टाच आहे. टिपणीस आधी रडकुंडीला आला आणि मग त्याला एकदम उमगलं की त्याच्या हातात मालिकेतला सर्वांत गाजणारा भाग पडलाय. सरपंच दोन दिवस जेवले नाहीत. सरूबाईंना सर स्वतः जाऊन भेटले, म्हणाले, "मी फसवलं तुम्हा सगळ्यांना. खापरी खोटी आहे."

"आन् गानं?"

"गाणं खरं आहे."

"मंग झालं तर," सरूबाई म्हणाल्या. "घागर गळती म्हनून बाई सारखी नदीवर जाती, ही काय खोदून काढायची गोष्ट हाय व्हय? बसा, चहा टाकते."

सरांनी दोन कप चहा घेतला.

भाग दाखवला गेला त्या संध्याकाळी मी घरी आईबरोबर बघत होते. शेवटाला टिपणीसनं मुश्ताकनं ओट्यावरून घेतलेला शॉट लावला होता. छपरावर पाठमोरे सर, हलणारे खांदे, मागे उन्हातली नदी. वर सतार. आणि त्यावर रेडिओवाल्या निवेदकाचा घोगरा, जड आवाज, मी न लिहिलेली वाक्यं वाचत: "…आणि तीन दशकांच्या पश्चात्तापाने अखेर त्या वृद्ध संशोधकाचा बांध फुटला. तो ढसढसा रडला."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "बिचारा गं," म्हणाली.

फोन वाजला. पलीकडे सर होते. आधी नुसता खोकल्यासारखा आवाज, बऱ्याच वेळानं शब्द.

"वैजयंतीबाई, बघितलंत?" ते म्हणाले. "आम्हीसुद्धा तेव्हा अगदी हेच समजलो होतो हो."